लाल टोपी

आमच्या गावात आगीच्या नळांना टोप्या असतात.
निळी म्हणजे बंबाला पोटभर पाणी,
हिरवी म्हणजे भागेल,
नारिंगी म्हणजे देवाचं नाव घ्या,
आणि लाल म्हणजे
देवालाच सांगा, बादली घेऊन ये.

रंग ओरेल हॅचक लावतो.
बावीस वर्षं, दर मे महिन्यात
एकेक नळ सोडतो,
कोऱ्या चहासारखं गंजकं पाणी रस्त्यावर वाहू देतो,
दाब मोजतो, वहीत लिहितो. ब्रश त्यानंतर.
टेकडीवर सगळं निळं.
रुळांच्या खाली, बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या कुंपणालगत,
स्लॅग स्ट्रीटवर चौदापैकी अकरा लाल.
मेल्या कारखान्याचे पाईप, ओरेल म्हणतो,
घसा धरलेत म्हाताऱ्यांसारखे.

मी कोबर्न फेरीची नगर कारकून.
नदीपलीकडे वेस्ट व्हर्जिनिया, अलीकडे आम्ही.
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
बंबखान्याच्या माडीवर सभा भरते.
कोण कुणावर ओरडलं ते मी लिहीत नाही.
काय ठरलं तेवढंच.

विषय क्रमांक नऊ:
रात्रपाळीला दोन पोलीस वाढवायचे
की रुळांखालची चार इंची जलवाहिनी बदलायची.
खिसा एकच, आणि तोही उसवलेला.

थिओडोरा व्हिटलॉक उठल्या.
माझ्या गाडीची काच तीनदा फुटली, म्हणाल्या,
तिन्ही वेळा पोलीस यायला पाऊण तास.
खोटं नव्हतं.
रात्री आमच्याकडे एकटी इनेस बारागान असते,
ती, तिचा थर्मास, आणि बारा चौरस मैल.

मग रेजिनाल्ड टॉलिव्हर, स्लॅग स्ट्रीट, घर चाळीस.
"माझ्या दारातल्या नळाला लाल टोपी आहे.
मी रोज सकाळी तिला सलाम करतो,
आपली टोपी काढून."
सगळे हसले. तोही.
इतिवृत्तात हसू लिहीत नाहीत.

आठ सतराला भोंगा झाला.
सहा सभासद हजर होते, त्यातले तीन
आगीच्या दलातले बिनपगारी.
खुर्च्या कलंडल्या, जिना दणाणला,
खाली बुटांत पाय, अंगावर कोट,
आणि मिस्टर डॉब्रिन यांचा अर्धा राहिलेला मुद्दा टेबलावर,
चष्म्याशेजारी.
मी लिहिलं: ८.१७. गणपूर्ती नाही. सभा तहकूब.
टॉलिव्हर खिडकीशी उभा होता.
"चव्वेचाळीस," म्हणाला. "माझं नाही."
आणि ते म्हटल्याची त्याला लाज वाटली, ती मला दिसली.

इनेस आधी पोचली.
दार लाथेनं उघडून दोन मुलं बाहेर काढली,
धाकट्याच्या हातात काचेच्या पेटीसकट कासव.
लाल नळ खोकला, थुंकला, गप्प झाला.
ओरेलला ठाऊकच होतं.
त्यानं हिरव्या नळाकडून होज ओढायला घेतला,
नऊशे फूट, उतारावरून.
आग रुळांखाली, पाणी रुळांवर,
आणि मधून साडेआठची कोळशाची मालगाडी.
रेल्वेला फोन इनेसनं केला. गाडी थांबली.
तिला थांबायला मैलभर लागतो.
तोवर छप्पर आत बसलं होतं.

त्याच रात्री टेकडीवर कुणाचंसं गॅरेज फोडलं.
इनेस तिथे मध्यरात्री पोचली, काजळलेल्या तोंडानं.
घरमालकानं आधी घड्याळाकडे पाहिलं,
मग तिच्याकडे,
मग आतून पाण्याचा ग्लास आणला.
तक्रार तरीही नोंदवली.
तीही माझ्याच फायलीत आहे.

पुढच्या मंगळवारी
मागचं इतिवृत्त वाचून कायम केलं.
विषय नऊ उपसमितीकडे.
एकमतानं मंजूर झालं एवढंच:
ओरेल हॅचक यांना रंगाचे चार डबे.

"कोणता रंग?" मी विचारलं.
नोंदीला लागतो.
मिस्टर डॉब्रिन यांनी चष्मा पुसला.
कॉफीच्या भांड्याखालचा दिवा
उगाच जळत होता.
खाली बंबखान्यात ओलसर होज टांगलेले,
थेंब थेंब गळताना ऐकू येत होते.

मी तेवढी जागा कोरी ठेवली
आणि विषय दहा लिहिला.